एएफबी पॉझिटिव्ह, तरी टीबी नाही? पाण्यात राहणाऱ्या एका जंतूची ओळख

लॅबच्या काउंटरवर लोक दोन कागद शेजारी शेजारी ठेवतात. एकावर असतं ‘एएफबी पॉझिटिव्ह’. दुसऱ्यावर ‘सीबीनॅट : एमटीबी नॉट डिटेक्टेड’. पहिल्या कागदाचा अर्थ घरी येईपर्यंत कुणीतरी सांगून टाकलेला असतो : टीबी निघाला. दुसरा म्हणतो, टीबीचा जंतू सापडलाच नाही. मग हळू आवाजात विचारलं जातं, ‘यातला खोटा कुठला?’

बऱ्याचदा दोन्ही खरे असतात. पण ते पटवायला आपल्या भागात जरा जास्त बोलावं लागतं. मिरजेत वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला, पुढे सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला क्षयरोग्यांचं आरोग्यधाम झालं. कर्नाटकातून, कोकणातून माणसं छाती दाखवायला इथे येत राहिली. त्यामुळे टीबी हा शब्द इथल्या घराघरात मुरलेला आहे. त्याच जंतूचे भाऊबंद आपल्या गच्चीवरच्या टाकीत असतात, हे मात्र फारसं कुणी सांगितलेलं नसतं.

### लाल काडी दिसली म्हणजे काय दिसलं?

एएफबी म्हणजे आम्लाने धुतलं तरी रंग न सोडणारे जंतू. तपासणी अशी होते. बेडका किंवा पू काचपट्टीवर पातळ पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवून पक्का करायचा. त्यावर कार्बोल फुक्सिन नावाचा गडद लालसर रंग ओतायचा आणि खालून गरम करायचं, वाफ निघेपर्यंत. उकळी येऊ द्यायची नाही. पाचेक मिनिटांनी धुऊन आम्ल टाकायचं. पेशी, बाकीचे जंतू, सगळे रंग सोडून फिके पडतात. शेवटी निळा रंग दिला की निळ्या जमिनीवर काही लाल काड्या उरतात. त्या एएफबी.

सांगलीकराला हळदीचा डाग समजावून सांगायला नको. पांढऱ्या शर्टावर पडला आणि साबण लावला तर तो लाल होतो, निघत नाही. या जंतूंची बाहेरची भिंत मायकोलिक आम्ल नावाच्या लांबलचक मेणचट रेणूंची असते, आणि तिच्यात शिरलेला रंग असाच चिकटून बसतो. (हळद निदान उन्हात उडते.)

म्हणजे लाल काडी आपल्याला फक्त भिंतीबद्दल सांगते. ही भिंत ज्या ज्या जंतूला आहे तो लाल दिसणार. आणि ती एका अख्ख्या कुटुंबाला आहे.

### कुटुंब केवढं?

कुटुंबाचं नाव मायकोबॅक्टेरियम. त्यातले दोघे जगभर बदनाम : हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिलेला कुष्ठरोगाचा जंतू आणि रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलेला क्षयाचा. बाकीच्या दीडशेहून जास्त प्रजाती माती, ओढे, नळ, दलदल, धूळ यांत आपापलं जगत असतात. माणसाशी त्यांचं काही अडलेलं नसतं. डॉक्टर मंडळी या सगळ्यांना मिळून ‘एनटीएम’ म्हणतात. अर्थ इतकाच, की क्षयाचे आणि कुष्ठरोगाचे सोडून उरलेले.

सीबीनॅट मशीन क्षयाच्या जंतूचा विशिष्ट जनुकीय तुकडा शोधतं. पर्यावरणातल्या भावंडाकडे तो तुकडा नसतो, म्हणून मशीन ‘नाही’ म्हणतं. सूक्ष्मदर्शकाने कुटुंब ओळखलं, मशीनने सांगितलं की यातला तो बदनाम मेंबर हा नव्हे. दोन कागदांचं भांडण इथे मिटतं. स्मिअर (म्हणजे काचपट्टीची तपासणी) पॉझिटिव्ह आणि सीबीनॅट निगेटिव्ह असा जोड आला, की एनटीएमचा संशय घेऊन नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, लावायचा असतो.

या लेखापुरता एकच सभासद घेऊ : मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम. आपल्याकडच्या जखमांतून, इंजेक्शनच्या गाठींतून, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरच्या टाक्यांतून जे एनटीएम निघतात, त्यांत हा वारंवार भेटतो.

### हा राहतो कुठे?

या जातीचा जंतू १९०५ मध्ये बेडूक या प्राण्यात सापडला होता. माणसातली नोंद १९३८ ची, ब्राझीलमधली : दा कोस्टा क्रूझ यांनी इंजेक्शनच्या जागी झालेल्या गळवातून तो वेगळा काढला. सुरुवातच इंजेक्शनच्या गाठीपासून झाली, हे मला फार बोलकं वाटतं.

त्याचं खरं घर पाणी आणि माती. त्याला पाण्यात मोकळं तरंगण्यापेक्षा कशाला तरी चिकटून राहायला आवडतं, कारण ती मेणचट भिंत पाण्यापासून दूर पळते. टाकी साफ करताना भिंतीला हात लागला की बोटांना जो बुळबुळीत थर लागतो, तसल्या थरात ही मंडळी वस्ती करतात. पाइपच्या आतून, शॉवरच्या जाळीत, गिझरच्या नळीत, हॉस्पिटलच्या सिंकखालच्या वाकड्या पाइपात तसाच थर असतो. खायला फारसं लागत नाही.

क्लोरीनचं काय? क्लोरीन घातलेलं पाणी पटकी, हगवण यांपासून वाचवतं, त्याबद्दल शंका नको. पण या कुटुंबाच्या बाबतीत त्याची ताकद तोकडी पडते. यातल्या एव्हियम नावाच्या प्रजातीला मारायला आतड्यातल्या ई. कोलाय जंतूपेक्षा शेकडो पट क्लोरीन लागतं, असं मोजून झालेलं आहे. इतर जंतू मेले की पाइपातली जागा यांनाच मोकळी मिळते. तेव्हा पाणी कृष्णेचं असो, जतकडच्या बोअरचं असो की टँकरचं, त्यात हे थोडेफार असणारच असं धरून चालायचं.

### मग आपण सगळे आजारी का नाही?

रास्त प्रश्न. रोज तोंड धुतो, आंघोळ करतो, शेतात चिखलात उभे राहतो. हे जंतू पोटात जातात, श्वासातून जातात, आणि काहीही होत नाही. निरोगी माणसाची कातडी आणि प्रतिकारशक्ती त्यांना सहज परतवते. हा संधी मिळाली तरच घुसणारा जंतू आहे. क्षयाच्या जंतूसारखं फुप्फुसात शिरून वर्षानुवर्षं दबा धरण्याचं कसब याच्याकडे नाही.

संधी दोन प्रकारे मिळते. प्रतिकारशक्ती खूप घटली, किंवा कातडीची तटबंदी ओलांडून कुणीतरी त्याला थेट आत नेऊन सोडलं. आपल्याकडचा जास्तीचा भाग दुसऱ्या प्रकारचा. सुई, ट्रोकार (दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात भोक पाडायची टोकदार नळी), टाका, टॅटू, काटा, अपघातात मातीने माखलेली जखम.

पार्लरसुद्धा यात येतं. कॅलिफोर्नियात २००० साली एका नेल सलूनच्या शंभरहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवं उठली. शोध घेतला तेव्हा पाय बुडवायच्या टबात, पाणी ओढून घेणाऱ्या जाळीमागे केस आणि कातडीचा कचरा साचलेला सापडला, आणि त्यात हाच फॉर्च्युइटम. पेडिक्युअरच्या आधी ज्यांनी पायांवर रेझर फिरवला होता त्यांना धोका जास्त होता, कारण रेझरने कातडीला न दिसणाऱ्या चिरा पडतात. लग्नसराईत पार्लरला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं : रेझर आणि टबातलं पाणी एकाच दिवशी नको.

### दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर महिन्याने

पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया, गर्भाशय, कुटुंबनियोजन, आता बहुतेक ठिकाणी पोटाला तीन-चार छोटी भोकं पाडून दुर्बिणीने काम होतं. पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. टाके सुकतात, सगळे खूश.

साधारण तीन-चार आठवड्यांनी बेंबीजवळच्या भोकाखाली वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. ताप नाही, जेवण व्यवस्थित, माणूस हिंडता-फिरता. गाठ फुटते, पातळ पांढरट पाणी येतं, डॉक्टर ड्रेसिंग करतात, नेहमीचं अँटिबायोटिक देतात. जरा बरं वाटतं. पंधरा दिवसांत तिथेच शेजारी दुसरी गाठ. भोवतालची कातडी काळपट पडते, एक बंद झालं की दुसरं तोंड उघडतं. टाक्यात पू होणं नवीन नाही, पण साधे जंतू ऑपरेशननंतर आठवड्याभरात रंग दाखवतात. भरून आलेली जखम महिन्याने परत उघडणं, ही या गटाची खूण.

हे आत गेलं कुठून? दुर्बिणीच्या ऑपरेशनची हत्यारं लांब, नळीसारखी, टोकाला बिजागरी असलेली. बिजागरीच्या सांध्यात, प्लास्टिकच्या आवरणाखाली रक्ताचा, चरबीचा कण राहतो. कात्री-चिमटे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांना टाकता येतात. पण दुर्बिणीचे नाजूक भाग पुष्कळदा तितकी उष्णता सोसत नाहीत. म्हणून दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात हत्यारं ग्लुटारअल्डिहाइड या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये वीसेक मिनिटं बुडवून काढायची पद्धत पडली. तेवढ्या वेळात साधे जंतू मरतात. हे मरतीलच असं नाही. याच्या चेलोनी नावाच्या भावाचे तर या रसायनाला दाद न देणारे वाणही सापडले आहेत. सांध्यात घाण राहिली असेल तर रसायन आत पोचतच नाही.

खरी मेख पुढे आहे. ते रसायन शरीराला चालत नाही, म्हणून हत्यार बाहेर काढून पाण्याने खळबळून घ्यावं लागतं. हे पाणी कुठलं? नळाचं असेल तर आत्ताच निर्जंतुक केलेल्या हत्यारावर आपण पुन्हा जंतू शिंपडले. माझ्या मते अशा प्रकरणांत सगळ्यात आधी चौकशी व्हावी ती या शेवटच्या पाण्याची. सर्जनचा हात, औषधाची कंपनी, पेशंटची साखर, यांच्यावर खापर फोडायला सगळे तयार असतात. बादलीकडे कुणी बघत नाही. उपाय महाग नाही : हत्यार पूर्ण उघडून ब्रशने धुणं, शक्य तिथे ऑटोक्लेव्ह, गॅस किंवा प्लाझ्माने निर्जंतुक करणं, आणि खळबळायला ऑटोक्लेव्ह केलेलं पाणी.

इंजेक्शनच्या गाठीचंही असंच. एकाच बाटलीतून अनेकांना दिलेला डोस, ओल्या हाताने हाताळलेली सुई, नळाच्या पाण्यात भिजवलेला कापूस. गाठ आठवड्यांनी उठते, तोवर इंजेक्शन घेतलेलं पेशंटही विसरलेला असतो.

### लॅबमध्ये हा निसटतो कसा?

फॉर्च्युइटम हा कुटुंबातला ‘झटपट वाढणारा’ गणला जातो. क्षयाच्या जंतूला हिरव्या रंगाच्या, अंड्यापासून बनवलेल्या एलजे माध्यमावर दिसेल इतकं वाढायला तीन ते आठ आठवडे लागतात. सात दिवसांच्या आत दिसतात ते झटपटवाले. फॉर्च्युइटमला हिरवं माध्यम लागतंच असंही नाही. पुवासाठी रोज वापरतात त्या साध्या ब्लड अगरवरही तो तीन ते पाच दिवसांत बारीक मलईच्या रंगाचे ठिपके देतो.

गोची अशी, की पुवाचं साधं कल्चर दोन दिवस ठेवतात. अठ्ठेचाळीस तासांत काही उगवलं नाही की रिपोर्ट जातो, ‘नो ग्रोथ’, आणि प्लेट टाकून दिली जाते. साध्या जंतूंच्या मानाने हा मंद, क्षयाच्या मानाने वेगवान. दोन्ही रांगांच्या मध्ये अडकलेला. ‘पू तर वाहतोय आणि रिपोर्ट म्हणतोय जंतू नाही’ ही पेशंटची तक्रार ऐकली की प्लेट आठवडाभर ठेवायला सांगावं.

### टीबीच्या गोळ्या चालू केल्या तर निदान तोटा तरी काय?

तोटा आहे. लाल काडी दिसली की ‘एकेटी (टीबीच्या गोळ्या) चालू करू, बघू’ हा मोह समजण्यासारखा आहे. पण टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड यांना हा जुमानत नाही. सहा महिने गोळ्या, यकृतावर ताण, आणि गाठ तिथेच. वर टीबीचा शिक्का. टीबीची नोंद २०१२ पासून सरकारकडे करणं बंधनकारक आहे, ते योग्यच आहे. पण चुकीच्या निदानावर झालेली नोंद कुटुंबाला निष्कारण जाळते. एखाद्या मुलीचं ठरलेलं लग्न त्यावर अडकू शकतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

याला लागू पडणारी औषधं वेगळी : अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा त्याच्या गटातलं दुसरं, को-ट्रायमॉक्सॅझोल, लिनेझोलिड, इमिपेनेम. साधारण दोन औषधं एकत्र, आणि गंभीर जखमेत किमान चार महिने. पुवाची पोकळी असेल तर सर्जनला ती उघडून साफ करावी लागते, आत जाळी किंवा धागा असेल तर काढावा लागतो. आठ-दहा दिवसांत गाठ बसली म्हणून औषध सोडलं की ती हमखास परत येते.

आणि नुसतं ‘एनटीएम’ एवढं निदानही पुरत नाही. चेलोनीला क्लॅरिथ्रोमायसिन चांगलं चालतं. फॉर्च्युइटमकडे मात्र हेच औषध निकामी करणारा एक जनुक असतो, आणि तो औषध समोर आल्यावर जागा होतो. त्यामुळे तपासणीत तिसऱ्या दिवशी ‘औषध लागू’ असं दिसतं आणि चौदाव्या दिवशी ‘लागू नाही’. अब्सेसस नावाचा तिसरा भाऊ तर बहुतेक औषधांना पुरून उरतो. म्हणून जंतूचं पूर्ण नाव आणि औषधांची यादी हातात येईपर्यंत चार दिवस थांबणं परवडतं. घाईत दिलेलं एकच औषध परवडत नाही.

### घरात दुसऱ्याला लागेल का?

फॉर्च्युइटम माणसाकडून माणसाला लागत नाही. वेगळं ताट, वेगळी खोली, लहान बाळाला लांब ठेवणं, यातलं काही करायची गरज नाही. ड्रेसिंगचा कापूस नीट टाकावा आणि हात धुवावेत, इतकंच.

### बेडक्यात सापडला तर?

इथे उलटी सावधगिरी लागते. बेडका देताना आदल्या चुळीचं नळाचं पाणी मिसळलं, डबी नीट नव्हती, तरी हा कल्चरमध्ये उगवतो. म्हणून फुप्फुसाचा एनटीएम म्हणायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात : लक्षणं, सीटी स्कॅनमधले बदल, आणि वेगवेगळ्या दिवशी दिलेल्या किमान दोन बेडक्यांत तोच जंतू (किंवा दुर्बिणीने फुप्फुसातून घेतलेल्या पाण्यात एकदा). फॉर्च्युइटम बेडक्यात मिळाला तर तो बहुतेक वेळा पाहुणाच असतो. अपवाद अशा लोकांचा, ज्यांच्या अन्ननलिकेत अन्न अडकून राहतं किंवा पोटातलं वारंवार वर येऊन श्वासनलिकेत उतरतं. त्यांच्यात तो खरा आजार करू शकतो.

### पुराच्या पाण्याचं काय?

२००५, २०१९, २०२१. सांगलीत पूर म्हटलं की पाठोपाठ दुकान-घर उपसणं आलं, आणि त्यात पाय कापणं आलंच. २००४ च्या त्सुनामीतून वाचलेल्या काही पर्यटकांच्या जखमांत हे झटपट वाढणारे मायकोबॅक्टेरिया उशिरा उठल्याच्या नोंदी आहेत. पण प्रमाण सोडून घाबरू नये. पुरानंतर खरी चिंता लेप्टोस्पायरोसिसची, धनुर्वाताची आणि साध्या पुवाच्या जंतूंची. चिखलातली जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. भरलेली जखम महिना-दीड महिन्याने पुन्हा गाठाळली, तरच डॉक्टरांना पुराची आठवण करून द्या.

### बीसीजी आणि ही भावंडं

आपल्या प्रत्येकाच्या डाव्या दंडावरच्या खुणेशीही यांचा संबंध जोडला जातो. तमिळनाडूत चिंगलपट भागात १९६८ मध्ये बीसीजीची प्रचंड मोठी चाचणी सुरू झाली, अडीच लाखांहून जास्त माणसं. निष्कर्ष आला तेव्हा जगाला धक्का बसला : मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून लशीने संरक्षण दिलंच नाही. याचं एक मांडलं गेलेलं स्पष्टीकरण असं, की उष्ण प्रदेशातला माणूस लहानपणापासून माती-पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियांना भेटत असतो. शरीराला त्यांची आधीच ओळख असल्याने लशीला वेगळं काही शिकवायला उरत नाही. बाळांना बीसीजी आजही देतात ती मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते म्हणून, आणि ती चुकवू नये.

या कुटुंबाकडून फायदाही झालाय. निरुपद्रवी, भरभर वाढणाऱ्या स्मेग्मॅटिस प्रजातीवर हजारो रसायनं तपासताना बेडाक्विलिन सापडलं. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर ते आज आपल्याकडेही वापरतात. डॉ. जी. पी. तलवार यांच्या गटाने अशाच एका पर्यावरणातल्या जंतूपासून कुष्ठरोगाच्या उपचाराला जोड देणारी लस केली.

### नमुना देताना

गाठीचा पू तपासायला द्यायचा असेल तर कापसाच्या काडीवर टिपलेला थेंब पुरत नाही. सिरिंजने ओढलेला पू निर्जंतुक डबीत हवा, शक्यतो अँटिबायोटिक चालू करण्यापूर्वी. गाठीचा तुकडा काढला तर थिएटरमधला माणूस सवयीने तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, मग कल्चर लावून उपयोग नाही. तुकड्याचे दोन भाग करायला आधीच सांगून ठेवा : एक फॉर्मॅलिनमध्ये बायोप्सीसाठी, दुसरा सलाईनमध्ये कल्चरसाठी. फॉर्मवर ‘पस कल्चर’ एवढंच न लिहिता ‘एएफबी स्मिअर, मायकोबॅक्टेरियल कल्चर, प्रजाती ओळख आणि औषध संवेदनशीलता’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि शेजारी ऑपरेशनची किंवा इंजेक्शनची तारीख घाला. ती तारीख वाचली की टेबलावर बसलेला माणूस प्लेट दोन दिवसांत टाकून देत नाही.